मिठवणी आणि नाताळची टर्की

काकडीला मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात भांड्याच्या तळाशी पाणी साचते. बांगड्याला मीठ भरून उन्हात टाकले की तो वाळून टिकतो. मीठ पाणी ओढून घेते, हा कोकणापासून विदर्भापर्यंत प्रत्येक स्वयंपाकघराचा अनुभव. असे असता, नाताळची टर्की भाजण्यापूर्वी रात्रभर मिठवणीत ठेवली तर ती अधिक रसाळ होते, हे ऐकून कोणासही नवल वाटेल. पण ते खरे आहे. आणि त्यामागील कारण समजले नाही, तर हाच उपाय अपायही करू शकतो.

टर्की हा मूळचा अमेरिकेतील पक्षी. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या अपूर्व वस्तूंत तो जहांगीर बादशहासमोर आला. त्या वेळी उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढे युरोपीय रीतीबरोबर तो नाताळच्या ताटात आला. चेन्नईच्या दक्षिणेस, १९३१ साली विजेची गाडी जेथवर पोहोचली आणि १९३७ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेज जेथे हलले, त्या तांबरमच्या परिसरात नाताळ थाटाने साजरा होतो. त्याच लोहमार्गावरील सेंट थॉमस माउंट आणि पल्लावरम येथे अँग्लो-इंडियन कुटुंबांची जुनी वस्ती आहे. मीठ आणि लिंबाचा रस चोळून मुरवलेले मांस या समाजाच्या नाताळात जुन्या ओळखीचे. टर्कीची मिठवणी मात्र त्याहून निराळी.

फरक आहे तो प्रमाणाचा. मीठ भरपूर असले, तर ते मांसातील पाणी बाहेर काढते आणि मांस टिकवते. शेकडा पाच-सहा इतक्या सौम्य मिठवणीत याच्या उलट घडते. मीठ हळूहळू आत झिरपते, स्नायूंतील प्रथिनांची घट्ट वीण सैल करते, आणि ती फुगून पाणी धरून ठेवतात. भाजताना प्रथिने आकसून रस पिळून टाकतात. सैल झालेली प्रथिने कमी आकसतात. टर्कीच्या छातीच्या मांसात चरबी फार थोडी; मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडते. म्हणून या पक्ष्यास मिठवणीचा विशेष उपयोग.

पाच किलोच्या टर्कीला साधारण पाच लिटर पाणी, तीनशे ग्रॅम मीठ आणि दीडशे ग्रॅम गूळ पुरे. त्यातील एक लिटर पाण्यात मीठ, गूळ, मिरी, तमालपत्र, दालचिनी, लवंग, ठेचलेले आले-लसूण आणि संत्र्याची साल घालून उकळी आणावी. मग उरलेले गार पाणी मिसळून सारे पूर्ण थंड करावे आणि त्यानंतरच पक्षी बुडवावा. बारा ते सोळा तास पुरेत. अधिक काळ ठेवल्यास मांस खारट व रबरासारखे होते. मसाल्याचा सुगंध बहुतांशी वरच्या थरातच राहतो. आतपर्यंत जाते ते मुख्यतः मीठ. तेव्हा मसाला वाढवून चव खोलवर नेण्याची आशा व्यर्थ होय.

आता धोक्याची गोष्ट. सौम्य मिठवणी मांस टिकवीत नाही. थंड देशातील पुस्तकांत पातेले रात्रभर गारठलेल्या पडवीत ठेवावे, असा सल्ला आढळतो. तांबरममध्ये डिसेंबरच्या रात्रीही पारा वीस अंशांच्या आसपास असतो, आणि पाच ते साठ अंशांच्या दरम्यान रोगजंतू झपाट्याने वाढतात. लोणच्याच्या बरणीवरचा विश्वास येथे ठेवणे म्हणजे सणाच्या दिवशी घरभर आजार ओढवून घेणे. पातेले शीतकपाटात चार अंशांच्या खालीच राहिले पाहिजे. ते मावत नसेल, तर पक्ष्याचे तुकडे करावेत, किंवा पाणी टाळून किलोमागे दहा-पंधरा ग्रॅम कोरडे मीठ चोळून एक दिवस शीतकपाटात ठेवावे. या रीतीनेही मांस रसाळ होते. आधीच मिठाचे पाणी टोचून विकलेल्या टर्कीला मात्र पुन्हा मीठ लावू नये. वेष्टनावरील मजकूर वाचावा.

मिठवणीतून काढलेला पक्षी पुसून कोरडा करावा, म्हणजे कातडी खरपूस होते. वापरलेली मिठवणी फेकून द्यावी. भाजताना मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता, तापमापकाची सुई खुपसावी. चौऱ्याहत्तर अंश दिसले की पक्षी शिजला. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये.

एकच मीठ प्रमाणानुसार कोठे पाणी काढते, कोठे धरून ठेवते. मीठ चवीपुरते असावे, असे आपल्याकडे म्हणतात. टर्कीच्या बाबतीत ते मोजूनमापून घ्यावे लागते, आणि थंडाव्याचे भानही तितक्याच काटेकोरपणे राखावे लागते.