ऋतुनिवृत्तिपूर्व काळातील निद्रानाश

स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबण्यापूर्वीची काही वर्षे ही अंडकोशांच्या कार्यातील संक्रमणाची वर्षे असतात. या काळात रात्री झोप लागण्यास विलंब होणे, मध्येच वारंवार जाग येणे किंवा नेहमीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी, पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास, जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे अशा ज्या तक्रारी उद्‌भवतात, त्यांना ऋतुनिवृत्तिपूर्व काळातील निद्रानाश असे म्हणतात. आठवड्यातून किमान तीन रात्री व सलग तीन महिने ही स्थिती राहिली आणि तिच्यामुळे दिवसा थकवा, चिडचिड, विस्मरण यांसारखे परिणाम दिसू लागले, तर तो दीर्घकालिक निद्रानाश समजला जातो. वरील तक्रारींपैकी पहाटेच्या जागेकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. घरातील स्त्रीने सर्वांच्या आधी उठावे हा आपल्याकडील रिवाज असल्याने तिचे लवकर जागे होणे हा दोष आहे, हे घरच्यांच्या आणि पुष्कळदा तिच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. ब्राह्ममुहूर्तावर उठण्याची जी प्रशंसा परंपरेने केली आहे, ती पुरेशी झोप घेऊन स्वेच्छेने उठण्याची आहे. तिचा या विकाराशी संबंध नाही.

सलग बारा महिने पाळी न आल्यास ऋतुनिवृत्ती झाली असे मानतात. सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीच्या समाप्तीचे वय पन्नास वर्षे सांगितले आहे. पाश्चात्त्य देशांत नैसर्गिक ऋतुनिवृत्तीचे सरासरी वय सु. ५१ वर्षे, तर भारतात ते सु. ४६-४७ वर्षे आढळते. संक्रमणकाळ सरासरीने चार वर्षांचा असला, तरी व्यक्तिपरत्वे तो पुष्कळ कमीअधिक असतो. यावरून भारतीय स्त्रियांमध्ये चाळिशीच्या पहिल्या काही वर्षांतच त्याचा आरंभ होऊ शकतो, हे उघड आहे. पाळी अद्याप चालू असल्यामुळे मात्र झोपेच्या तक्रारीचा या बदलाशी संबंध जोडला जात नाही.

व्याप्ती : अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात विविध वंशांच्या मध्यमवयीन स्त्रियांची एक मोठी बहुकेंद्री पाहणी हाती घेण्यात आली. तिच्या प्राथमिक टप्प्यात चाळीस ते पंचावन्न वर्षे वयाच्या १२,६०३ स्त्रियांपैकी सु. ३८ टक्के स्त्रियांनी झोपेची तक्रार सांगितली. संक्रमणाच्या उत्तरार्धातील स्त्रियांत हे प्रमाण सु. ४५ टक्के होते आणि शस्त्रक्रियेमुळे पाळी थांबलेल्या स्त्रियांत त्याहूनही थोडे अधिक होते. प्रयोगशाळेत मेंदूतील विद्युत् तरंगांची नोंद घेतली असता झोपेतील एवढा बिघाड प्रत्येक वेळी दिसून येत नाही. परंतु अशी नोंद बहुधा एक-दोन रात्रींचीच असते, आणि महिन्यागणिक बदलणाऱ्या स्थितीचे माप तीत सापडेलच असे नाही. तेवढ्यावरून तक्रार काल्पनिक ठरविणे योग्य नव्हे.

दोन्ही अंडकोश काढून टाकल्यास संक्रमणकाळच उरत नाही. हॉर्मोनांची पातळी काही दिवसांत कोसळते आणि लक्षणे तीव्र होतात. अंडकोश जागेवर ठेवून केवळ गर्भाशय काढले, तरी ऋतुनिवृत्ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात हा प्रश्न विशेष गंभीर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते. ज्यांचा कामाचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो, अशा या स्त्रियांची झोप हा विषय वैद्यकीय चर्चेत क्वचितच येतो.

कारणे : पहाटेचीच जाग का येते, हे समजण्यासाठी रात्रीच्या झोपेची घडण पाहावी लागते. स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार झोप दोन यंत्रणांच्या मेळातून घडते. दिवसभराच्या जागरणाने झोपेची गरज साठत जाते व झोपेत ती फेडली जाते, ही पहिली यंत्रणा होय. मेंदूतील जैव घड्याळ ही दुसरी. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात मिळते. पहाटे साठलेली गरज बहुतांशी फिटलेली असते, झोप उथळ व स्वप्नयुक्त असते, शरीराचे तापमान नीचांक गाठून चढू लागते आणि अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणाऱ्या कॉर्टिसोल या हॉर्मोनाची रक्तातील पातळी वाढत जाते. म्हणजे निरोगी माणसाच्याही रात्रीचा शेवटचा भाग हा झोपेचा सर्वांत तलम भाग असतो. एरवी तो टिकून राहतो. संक्रमणकाळात तो थोड्याशा कारणानेही फाटतो.

या काळात अंडकोशांतील पुटके संपत येतात. काही चक्रांत अंडमोचन होत नाही व त्यामुळे प्रोजेस्टेरोन हे हॉर्मोन पुरेसे तयार होत नाही. त्यापासून शरीरात बनणारा एक पदार्थ मेंदूतील शामक यंत्रणेला साहाय्य करतो; तो घटल्याने झोप अधिक चाळवते. एस्ट्रोजेनाची पातळी सरळ उतरत नाही, तर कधी नेहमीपेक्षा वर, कधी अगदी खाली अशी हेलकावते. त्यामुळे अधोथॅलॅमस या मेंदूच्या भागातील तापनियंत्रक यंत्रणा अतिसंवेदनशील बनते. शरीराचे तापमान किंचित वाढले, तरी उष्णता बाहेर टाकण्याची क्रिया एकदम सुरू होते, त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात व घाम सुटतो. यालाच गरम वाफा येणे म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या निरीक्षणांत असे दिसले, की रात्रीच्या पूर्वार्धात आधी वाफ येते व मग जाग येते. उत्तरार्धात हा क्रम आढळत नाही. स्वप्नयुक्त झोपेत शरीराचे तापनियंत्रण शिथिल असते, हे त्याचे कारण मानतात. तेव्हा पहाटे घामाघूम होऊन जाग आली, तरी त्या जागेचा सारा दोष वाफेला देता येत नाही.

याच वयात इतर ओझीही वाढलेली असतात : मुलांच्या परीक्षा व विवाह, सासू-सासऱ्यांची वा आईवडिलांची आजारपणे, नोकरीतील जबाबदाऱ्या. नळाला पहाटेच पाणी येणाऱ्या वस्त्यांत तर उशिरापर्यंत झोपण्याची सोयच नसते.

ज्या कारणाने जाग येऊ लागली ते नाहीसे झाले, तरी निद्रानाश उरतो. कारण मधल्या काळात जडलेल्या सवयी त्याला पोसतात. झोप कमी झाली म्हणून स्त्री रात्री लवकर अंथरुणाला पाठ टेकते, दुपारी लवंडते, पहाटे जागी असूनही झोपेची वाट पाहत पडून राहते व वारंवार घड्याळ पाहते. हे सारे उपाय स्वाभाविक वाटतात, आणि प्रत्येक उपाय विकार वाढवितो. अंथरुणात अधिक वेळ काढल्याने झोप वाढत नाही. आहे तीच झोप अधिक वेळावर पसरून विरळ होते. हळूहळू अंथरूण हे काळजी करण्याचे ठिकाण बनते.

निदान : दोन आठवड्यांची झोपेची टिपणवही, पाळीच्या तारखा व वाफांच्या नोंदी यांवरून बहुधा निदान होते. हॉर्मोनांची पातळी सतत बदलत असल्याने पंचेचाळिशीनंतर त्यासाठी रक्त तपासणे सहसा निरर्थक ठरते. मात्र अन्य विकार वगळणे आवश्यक असते. पहाटे लवकर जाग येणे हे अवसादाचे जुने व ठळक लक्षण आहे. सकाळी मन सर्वाधिक खिन्न असणे, कशातही रस न वाटणे, जगणे नकोसे होणे ही लक्षणे जोडीला असल्यास मानसोपचारतज्ञाकडे विनाविलंब जावे. अवटू ग्रंथीच्या अतिकार्यातही घाम, धडधड व निद्रानाश होतात. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे या वयापासून स्त्रियांतही वाढते. पण हा पुरुषांचा विकार अशी समजूत असल्याने तो निसटतो. संक्रमणकाळातील अतिरक्तस्रावाने शरीरातील लोह घटते व लोहन्यूनतेमुळे रात्री पायांत असह्य चुळबुळ होते. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हे लक्षात घेता आपल्याकडे झोपेची गोळी लिहून देण्यापूर्वी रक्तातील लोहाचा साठा तपासणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

उपचार : दीर्घकालिक निद्रानाशावर औषधांपूर्वी वर्तनोपचार करावेत, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या संस्थेने २०१६ मध्ये केली व आता ती सर्वसाधारणपणे मान्य झाली आहे. या उपचारांचे दोन मुख्य घटक रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये व आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडले. पहिल्यानुसार अंथरूण केवळ झोपेसाठी वापरावे. सुमारे वीस मिनिटे (घड्याळ न पाहता, अंदाजाने) झोप आली नाही, तर उठून मंद प्रकाशात शांतपणे बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परत जावे. दुसऱ्यानुसार अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेइतका आखडतात. उदा., एखादी स्त्री रात्री साडेनऊ ते सकाळी साडेपाच अंथरुणात असते, पण झोपते साडेपाच तासच. तिने उठण्याची वेळ साडेपाच हीच ठेवून रात्री बाराला झोपावे. पहिले एक-दोन आठवडे कष्टाचे जातात. परंतु झोपेची गरज अधिक साठल्याने ती पहाटेपर्यंत पुरू लागते. अंथरुणातील वेळेपैकी सु. ८५ टक्के वेळ आठवडाभर झोपेत गेल्यास निजण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणतात व याच रीतीने पुढे जातात. अंथरुणातील वेळ पाच तासांखाली नेऊ नये. अपस्मार किंवा उन्माद-अवसाद विकार असलेल्या, तसेच वाहन वा यंत्र चालविणाऱ्या स्त्रियांनी हा उपाय तज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये.

या पद्धतीची कसोटी याच वयोगटातही घेण्यात आली आहे. गरम वाफा व निद्रानाश असलेल्या १०६ अमेरिकन स्त्रियांवरील एका प्रयोगात (२०१६) आठ आठवड्यांत दूरध्वनीवरून सहा वेळा मार्गदर्शन देण्यात आले. निद्रानाशाच्या तीव्रतेचा गुणांक वर्तनोपचार मिळालेल्या गटात सु. १० अंकांनी, तर केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या गटात सु. ५ अंकांनी उतरला. तज्ञ जवळ नसलेल्या तालुक्याच्या गावीही हा उपचार पोहोचू शकतो, हे या प्रयोगाचे खरे महत्त्व होय.

पहाटेच्या जागेत प्रकाशाचाही विचार करावा. पहाटेचा प्रखर प्रकाश जैव घड्याळ पुढे ढकलतो व दुसऱ्या दिवशी जाग आणखी लवकर येते. संध्याकाळच्या उजेडाचा परिणाम उलट होतो. ऑस्ट्रेलियातील लिऑन लॅक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पहाटे जाग येणाऱ्यांना संध्याकाळी प्रखर प्रकाश देऊन त्यांची झोप लांबविली. म्हणून साडेतीनला जाग आल्यास स्वयंपाकघरातील मोठा दिवा किंवा मोबाइलचा पडदा उजळणे टाळावे. खोली थंड व हवेशीर असावी, पांघरुणे जाड एकाऐवजी पातळ दोन घ्यावीत. चहा-कॉफीतील कॅफिनाचा निम्मा अंश शरीरात सु. पाच तास राहतो, तेव्हा दुपारनंतरचा चहा सोडलेला बरा. मद्याने झोप लवकर लागते, पण रात्रीचा उत्तरार्ध मोडतो.

गरम वाफा तीव्र असल्यास एस्ट्रोजेनाचा उपचार सर्वांत प्रभावी ठरतो. गर्भाशय असलेल्या स्त्रीला त्याच्या जोडीने प्रोजेस्टेरोन द्यावे लागते, अन्यथा गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. नैसर्गिक प्रोजेस्टेरोन रात्री घेतल्यास त्याने गुंगीही येते. अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचा संयुक्त हॉर्मोनांचा भाग २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबविण्यात आला व या उपचाराविषयी जगभर धास्ती पसरली. त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ वर्षे होते. त्यांचे निष्कर्ष सत्तेचाळीस वर्षांच्या स्त्रीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. साठीच्या आत, किंवा ऋतुनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत, सुरू केलेल्या उपचारात निरोगी स्त्रियांना बहुधा धोक्यापेक्षा लाभ अधिक होतो. स्तनाचा कर्करोग, रक्तवाहिन्यांत गुठळ्या, यकृतविकार किंवा अकारण रक्तस्राव असल्यास मात्र तो वर्ज्य समजतात. हा उपचार गर्भनिरोधक नव्हे. संक्रमणकाळात गर्भधारणा अद्याप शक्य असते. हॉर्मोने चालत नाहीत अशांना अल्प मात्रेतील काही अवसादरोधी औषधे किंवा रात्री गॅबापेंटीन देतात. अधोथॅलॅमसातील तापनियंत्रणावर थेट कार्य करणाऱ्या फेझोलिनेटँट या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

झोपेच्या नेहमीच्या गोळ्या पहाटेच्या जागेवर बहुधा फारशा उपयोगी ठरत नाहीत. अल्पकाल टिकणाऱ्या गोळीचा अंमल पहाटेपूर्वीच ओसरतो, तर दीर्घकाल टिकणारी दिवसभर सुस्ती ठेवते. काही आठवड्यांत मात्रा अपुरी पडू लागते व गोळी एकदम सोडल्यास निद्रानाश दुप्पट जोराने उलटतो. भारतात अशी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी आहे.

गरम वाफा बहुसंख्य स्त्रियांत काही वर्षांनी ओसरतात. त्यांच्याबरोबर झोप सुधारेलच असे नाही. ज्यांनी संक्रमणाच्या आरंभीच अंथरुणातील वेळ आवरली, त्यांची झोप पूर्ववत होण्याचा संभव असतो. लवकर निजण्याची व पहाटे पडून राहण्याची सवय जडलेल्या स्त्रियांत निद्रानाश ऋतुनिवृत्तीनंतरही स्वतंत्र विकार म्हणून टिकू शकतो. तथापि त्या वयातही वरील वर्तनोपचार गुणकारी ठरतात.