दिवाणखान्यांतील प्रवाळसृष्टि

महाराष्ट्रांतील घराघरांत पोवळ्याची ओळख आहे ती मंगळाच्या अंगठींतील तांबड्या खड्याची. हा खडा पुष्कळदां भूमध्य समुद्रांतून आलेला असतो, आणि तो खनिज नसून एका सजीवाचा सांगाडा आहे, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. त्या पोवळ्याचींच दूरचीं भावंडें उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत चुनखडीचे प्रचंड तट बांधतात. असल्या तटाचा लहानसा तुकडा काचेच्या टाकींत जिवंत ठेवण्याचा छंद आज जगांतील पुष्कळ घरांत दिसतो. प्रथमदर्शनीं हा मासे पाळण्याचा छंद वाटतो. वस्तुतः तो पाणी पाळण्याचा छंद आहे. ज्यास पाणी सांभाळतां आलें, त्याचीं प्रवाळें बहुधा जगतात. ज्यास तें साधलें नाहीं, त्याची कितीहि मौल्यवान् टाकी थोड्याच महिन्यांत उजाड होते.

लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानांत १८५३ सालीं पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानें इंग्रजांच्या घरांत समुद्री टाकीचें वेड शिरलें. परंतु थंड किनाऱ्यावरील प्राणी ठेवणें निराळें आणि प्रवाळ जगविणें निराळें. त्या कामीं महत्त्वाचें पाऊल पडलें तें पूर्वेकडे. जकार्ता येथील ली चिन एंग यांनीं १९६१ सालीं आपली रीति एका मासिकांतून प्रसिद्ध केली. टाकींत समुद्रांतील सच्छिद्र, सूक्ष्म जीवांनीं भरलेले दगड ठेवावे, पाण्यांत हवेचे बुडबुडे सोडावे, आणि शुद्धीकरणाचें काम त्या जीवांवर सोंपवावें, असें तिचें सार होतें. आजच्या टाक्यांत यंत्रें वाढलीं आहेत, तरी पाया तोच आहे.

प्रवाळ ही वनस्पति नव्हे आणि दगडहि नव्हे. तो असंख्य लहान प्राण्यांचा समूह होय. यांतील प्रत्येक प्राणी, ज्यास पॉलिप म्हणतात, तो मुखाभोंवतीं स्पर्शकांचें कडें असलेली एक पिशवीच असते. या पिशवीच्या पेशींत एकपेशीय शैवालें राहतात. तीं प्रकाशाच्या योगानें अन्न तयार करतात आणि त्यांतील मोठा वांटा यजमानास देतात. यजमान त्यांस निवारा आणि आपले नत्रयुक्त टाकाऊ पदार्थ पुरवितो. तटबांधणी करणाऱ्या प्रवाळांचा उदरनिर्वाह मुख्यतः या भागीदारीवर चालतो. म्हणून टाकीवरील दिवा ही शोभेची वस्तु नसून प्रवाळाची चूल आहे. निळसर-पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी दिवे रोज आठ ते दहा तास लावतात. मात्र नव्या प्रवाळास आरंभीं मंद प्रकाश देऊन तो कांहीं आठवड्यांत वाढवीत न्यावा लागतो.

नवशिक्यास चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी टाकी सोईची पडते. तींत सुमारें २५० लिटर पाणी मावतें. लहान टाकी स्वस्त असली तरी सांभाळण्यास कठीण असते, कारण थोड्या पाण्यांत दोष लवकर साठतात आणि उष्णताहि लवकर चढते-उतरते. एवढें पाणीच २५० किलोंच्या वर भरतें. दगड, वाळू, काच आणि खालची गाळणीची टाकी धरतां तीनशें किलोंची मर्यादा सहज ओलांडली जाते. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानें जमीन तेवढा भार पेलेल कीं नाहीं याची जाणकाराकडून आधीं खात्री करून घ्यावी.

पाण्याविषयीं मात्र कोणतीहि काटकसर उपयोगी नाहीं. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो, आणि तांबें, फॉस्फेट असे पदार्थहि असूं शकतात. तांब्याचा अल्पसा अंशहि बिनपाठकण्याच्या प्राण्यांस विषासारखा आहे. म्हणून तें पाणी आरओ यंत्रांतून आणि क्षार शोषणाऱ्या राळेंतून गाळून घेतात. त्यांत स्वयंपाकाचें मीठ घालून चालत नाहीं. तें जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतें, तर समुद्रजलांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर अनेक क्षार ठराविक प्रमाणांत असतात. तसें मिश्रण तयार विकत मिळतें. २५० लिटरांस तें सुमारें ९ किलो लागतें. पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६ असावी. मुंबईच्या चौपाटीवरून बादली भरून आणलेलें पाणी मात्र वर्ज्य समजावें, कारण त्यांत गाळ आणि सांडपाणी असतें, व पावसाळ्यांत त्याचा खारेपणाहि उतरतो.

टाकी भरली, दगड रचले, प्रवाह खेळविणारे पंप सुरू झाले, कीं गृहस्थाच्या खऱ्या परीक्षेचा काळ येतो. या वेळीं टाकींत कांहींहि घालावयाचें नसतें. कुजणाऱ्या द्रव्यांतून अमोनिया निघतो, आणि तो प्राण्यांस घातक असतो. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचें बरेंच निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही जंतूंची वस्ती दगडांच्या छिद्रांत वसण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तपासणींत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याखेरीज पहिला जीव सोडूं नये. या छंदांतील पुष्कळसें अपयश या आठवड्यांतील उतावळेपणांतून जन्मतें.

मिश्र टाकींत तीन प्रकारचीं प्रवाळें एकत्र नांदवावयाचीं असतात. पहिलीं मऊ, म्हणजे दगडी सांगाडा नसलेलीं. तीं सोशीक असतात आणि मंद प्रकाशांतहि वाढतात. दुसरीं मोठ्या पॉलिपांचीं दगडी प्रवाळें. त्यांस मध्यम प्रकाश आणि सौम्य प्रवाह मानवतो. तिसरीं बारीक पॉलिपांचीं, शाखायुक्त अॅक्रोपोरासारखीं. त्यांस प्रखर प्रकाश, जोराचा प्रवाह आणि अतिशय स्वच्छ पाणी लागतें. अर्थात् तिसरीं दगडांच्या माथ्यावर, दुसरीं मध्यावर वा वाळूवर आणि पहिलीं एका बाजूस, अशी मांडणी होते. त्यांच्यांत अंतर राखणेंहि तितकेंच आवश्यक आहे. दिवसा शांत दिसणारीं मोठ्या पॉलिपांचीं कांहीं प्रवाळें रात्रीं लांब दंशक सोंडा बाहेर काढून शेजाऱ्यास जाळतात. त्यांच्याभोंवतीं निदान वीतभर जागा मोकळी ठेवावी. मऊ प्रवाळें पाण्यांत द्रव्यें सोडून प्रतिस्पर्ध्याची वाढ खुंटवितात. तीं द्रव्यें शोषून घेण्यासाठीं गाळणींत सक्रिय कोळसा ठेवतात. माशांची निवडहि विचारानें करावी. विदूषक मासा आणि लहान गोबी येथें सुखानें राहतात, परंतु फुलपाखरी माशांच्या पुष्कळ जाती प्रवाळच खातात.

नित्याचें काम थोडें असतें, पण तें चुकवून चालत नाहीं. टाकींतून वाफ होऊन जातें तें केवळ पाणी; मीठ मागें राहतें. म्हणून रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्यानेंच भरावी; खारें पाणी ओतत गेल्यास खारेपणा दिवसेंदिवस वाढतो. दगडी प्रवाळें सांगाड्यासाठीं पाण्यांतील कॅल्शियम आणि क्षारता सतत खर्चीत असतात. कॅल्शियम लिटरास सुमारें ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारें १३००, आणि क्षारता जर्मन मापानें ८ ते ९ अंश, अशी पातळी ठेवतात. ही तूट भरून काढण्याचा एक जुना उपाय महाराष्ट्रांतील आजीबाईंच्या परिचयाचा आहे, तो म्हणजे चुन्याची निवळी. युरोपांतील हौशी मंडळी ती थेंबथेंब टाकींत सोडतात. मात्र त्यासाठीं पानाचा चुना न वापरतां शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावें, आणि घाई करूं नये. ही निवळी एकदम ओतल्यास पाण्याचा समतोल तत्काळ बिघडतो. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलणें हाहि परिपाठ हितकर आहे. आंकडा आदर्श असण्यापेक्षां तो स्थिर असणें अधिक महत्त्वाचें, हें सूत्र येथें विसरतां येत नाहीं.

घरांतील माणसांसाठींहि एक इशारा आवश्यक आहे. झोअँथिड नांवाच्या, बटणांसारख्या दिसणाऱ्या रंगीत जीवांपैकीं कांहींत पॅलिटॉक्सिन हें अतितीव्र विष असतें. त्यांस हातमोजे व चष्मा घातल्यावांचून हात लावूं नये. तसेच ते चिकटलेले दगड कधींहि उकळूं नयेत किंवा कोरडे घासूं नयेत. वाफेंतून वा तुषारांतून हें विष श्वासांत जाऊन घरचीं माणसें अत्यवस्थ झाल्याच्या घटना घडल्या आहेत.

भारतांतील हौशी गृहस्थास आणखी एक मर्यादा पाळावी लागते, आणि ती योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं तटबांधणी करणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश झाला. मालवणच्या समुद्रांतहि प्रवाळें आहेत, आणि तेथें १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथील वा अन्य कोणत्याहि भारतीय किनाऱ्यावरील प्रवाळाचा तुकडा घरीं आणणें हा गुन्हा होय. परदेशी प्रवाळांच्या व्यापारावरहि आंतरराष्ट्रीय करारानें निर्बंध आहेत. म्हणून विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न विसंबतां परवान्याची शहानिशा आधीं वन विभागाकडे करावी. जेथें हा छंद कायदेशीर आहे अशा देशांत सुज्ञ मंडळी समुद्रांतून तोडलेलें प्रवाळ घेत नाहींत. एका टाकींत वाढलेल्या प्रवाळाची फांदी कापून ती दुसरींत लावली, कीं तीहि वाढूं लागते, आणि समुद्रास हात लावावा लागत नाहीं.

अशा टाकीच्या मालकाजवळ बहुधा एक वही असते. सकाळसंध्याकाळ तींत पाण्याचें तापमान टिपलेलें असतें. तें २५ ते २६ अंश सेल्सियसच्या आसपास असावें लागतें. मे महिन्यांत तें ३० च्या पुढें सरकूं लागलें, कीं मालक पंखा लावतो किंवा पाणी थंड करणारें यंत्र सुरू करतो. वीज गेली तर बॅटरीवरील हवेचा पंप जोडतो. असें न केल्यास पॉलिप आपल्यांतील शैवालांस बाहेर टाकतात आणि प्रवाळ पांढरेंफटक पडतें. खुल्या समुद्रांतहि नेहमींच्या उन्हाळी तापमानापेक्षां केवळ एकदोन अंशांची वाढ कांहीं आठवडे टिकली, कीं हेंच घडतें. एप्रिल २०२४ मध्यें शास्त्रज्ञांनीं चौथें जागतिक विरंजन जाहीर केलें, आणि त्याच उन्हाळ्यांत लक्षद्वीपचीं प्रवाळेंहि मोठ्या प्रमाणावर पांढरीं पडलीं. टाकी तापली तर तिला पंखा लावणारें कोणी तरी घरांत असतें; लक्षद्वीपच्या समुद्राला तशी सोय नाहीं.