एका कागदावर चार आलेख

आलेखाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचे राहिले की गुण कापले जातात, हा अनुभव तुम्हांला असेलच. एकच आलेख असेल तर ही चूक फारशी महागात पडत नाही. अक्षांवरचे आकडे वाचून काम भागते. पण एकाच कागदावर दोन-चार आलेख शेजारी शेजारी मांडले, की गोष्ट वेगळी होते.

समजा, मुंबई आणि पुणे येथील दरमहाच्या पावसाचे स्तंभालेख काढायचे आहेत. जुलै महिन्यात मुंबईला, सांताक्रूझ येथे, सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्याला २०० मिलिमीटरहूनही कमी. दोन्ही आलेखांची उंची सारखी दिसावी म्हणून तुम्ही मुंबईसाठी १ सेंमी = १०० मिमी आणि पुण्यासाठी १ सेंमी = २० मिमी असे प्रमाण घेतले. झाले! जुलैचे दोन्ही स्तंभ जवळजवळ एकाच उंचीचे झाले. आकडे कोठेही चुकलेले नाहीत, तरी पाहणाऱ्याला वाटेल की दोन्ही शहरांत पाऊस सारखाच. डोळा आधी उंची पाहतो, आकडे मागाहून.

संगणक नेमके हेच करतो. संख्याशास्त्रासाठी जगभर वापरली जाणारी ‘आर’ नावाची संगणकभाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत तयार केली. ती विनामूल्य मिळते. तिला चार आलेख काढायला सांगितले, तर ती प्रत्येक आलेखातील सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा पाहून त्याचे प्रमाण स्वतंत्रपणे ठरवते. शेजारच्या आलेखाकडे ती ढुंकूनही पाहत नाही. सर्वांना एकच प्रमाण हवे असेल, तर ते आपणच सांगावे लागते.

याचे महत्त्व कळण्यासाठी एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. येल विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. प्रत्येक संचात ११ बिंदू. चारही संचांत क्ष ची सरासरी ९ आणि य ची सरासरी ७.५. बिंदूंना सर्वांत जवळची सरळ रेषा काढली, तर तीही चारही वेळा एकच येते : य = ३ + ०.५ क्ष. बिंदू त्या रेषेला किती धरून आहेत हे सांगणारा सहसंबंध गुणांकसुद्धा सगळीकडे सुमारे ०.८२. नुसती आकडेमोड करणारा म्हणेल, की हे चार संच जवळजवळ एकच आहेत.

आता ते आलेखावर मांडा. पहिल्या संचातील बिंदू रेषेच्या आजूबाजूला विखुरलेले दिसतात. दुसऱ्यातील बिंदू सुबक वक्ररेषेवर बसतात. तेथे सरळ रेषेचा संबंधच नाही. तिसऱ्यात दहा बिंदू एका सरळ रेषेत असून अकरावा एकटाच उंच उडालेला आहे. चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत (क्ष = ८) आणि एक दूर, क्ष = १९ वर. त्या एका बिंदूनेच सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेतली आहे!

येथेही प्रमाणाचा घोटाळा होतोच. तिसऱ्या संचात य ची सर्वांत मोठी किंमत १२.७४, तर दुसऱ्यात ९.२६. प्रमाणे स्वतंत्र ठेवली, तर तीच रेषा दुसऱ्या आलेखात अधिक चढी आणि तिसऱ्यात अधिक सपाट दिसते. म्हणून ‘आर’बरोबर येणाऱ्या नमुन्यात चारही चौकटींत क्ष ३ ते १९ आणि य ३ ते १३ असेच ठेवले आहेत. मगच रेषा एक आणि बिंदू निराळे, हे एका नजरेत दिसते. अर्थात, कोणत्या महिन्यात पाऊस सर्वाधिक एवढेच दाखवायचे असेल, तर निरनिराळी प्रमाणे चालतील. मात्र तसे ठळकपणे लिहावे.

आता जागेचा हिशेब. ‘आर’मध्ये दोन ओळी व दोन स्तंभ असे सांगितले, की कागदाच्या चार चौकटी होतात आणि अक्षरे आपोआप ०.८३ पट होतात. तीन किंवा अधिक ओळी केल्या तर ०.६६ पट. गंमत अशी, की समास मजकुराच्या ओळींत मोजला जातो : खाली ५.१ ओळी, वर ४.१ ओळी, एक ओळ ०.२ इंचाची. ७ इंच उंच कागदावर सहा आलेख एकाखाली एक मांडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १.१७ इंच येतात. समास मात्र ९.२ × ०.२ × ०.६६ = सुमारे १.२१ इंच! चौकटीपेक्षा समासच मोठा. मग संगणक ‘समास फार मोठे आहेत’ असे कळवून थांबतो. नवशिके यामुळे गोंधळतात, पण दोष साध्या भागाकाराचा असतो. उपाय सोपा आहे : प्रत्येक चौकटीवर वेगळा मथळा देण्याऐवजी सर्वांवर मिळून एकच द्यावा आणि आतले समास कमी करावेत.

सगळ्या चौकटी सारख्याच हव्यात असेही नाही. ‘लेआउट’ या आज्ञेला आकड्यांचा एक तक्ता द्यायचा असतो. वरच्या ओळीत १, १ आणि खालच्या ओळीत २, ३ लिहिले, तर पहिला आलेख वरची पूर्ण रुंदी घेतो आणि उरलेले दोन खाली शेजारी बसतात. वर्षानुवर्षांच्या पावसाचा लांबट आलेख वर ठेवायला ही मांडणी फार सोयीची.

संगणक जवळ नसेल तरी हरकत नाही. आलेखकागदावर दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक घेऊन, क्ष ३ ते १९ आणि य ३ ते १३ ठेवून, तिसऱ्या संचाचे बिंदू मांडा : (१०, ७.४६), (८, ६.७७), (१३, १२.७४), (९, ७.११), (११, ७.८१), (१४, ८.८४), (६, ६.०८), (४, ५.३९), (१२, ८.१५), (७, ६.४२), (५, ५.७३). (४, ५) आणि (१४, १०) जोडून वर सांगितलेली रेषा काढा. मग (१३, १२.७४) हा बिंदू बोटाने झाका आणि उरलेल्या दहा बिंदूंना पट्टी लावून पाहा.