दारापाशी राहणारा एकांतवासी
(लेखांक ८)

मुरुडहून अलिबागच्या रस्त्याला काशीद, बोर्ली मागे पडली की कोर्लई लागतं. पर्यटकांच्या गाड्या बहुधा किल्ल्याकडे वळतात. गावातलं चर्च मात्र माउंट कार्मेल मातेचं आहे. 1740 साली पोर्तुगीज शेजारचं चौल सोडून गेले, पण कोर्लईचे ख्रिस्ती इथेच राहिले. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली त्यांची नोलिंग ही बोली आजही घरात बोलली जाते. पण हे कार्मेल म्हणजे काय, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं.

कार्मेल हा आजच्या इस्राएलमधल्या हैफा शहराजवळचा, समुद्रावर उतरणारा डोंगर. बाराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातून आलेले काही भाविक तिथल्या एका घळीत, एलीया संदेष्ट्याच्या नावाच्या झऱ्याजवळ येऊन राहिले. आपल्या जिल्ह्यातली शिवथरघळ पाहिलेल्याला डोंगर, पाणी आणि एकांत यांचं हे नातं वेगळं समजावून सांगायला नको. या मंडळींनी जेरुसलेमचे धर्मप्रमुख आल्बर्ट यांच्याकडे जगण्याची रीत लिहून मागितली. 1206 ते 1214 या काळात कधीतरी आल्बर्टनी ती लिहून दिली.

या नियमावलीत घळीतल्या मंडळींच्या प्रमुखाचं नाव म्हणून फक्त ‘ब’ एवढं एक अक्षर आहे. परंपरा त्याला संत ब्रोकार्ड मानते. कार्मेलवासी 2 सप्टेंबरला त्याचा सण पाळत आले. त्याच्या नावावर ग्रंथ नाही, भाषण नाही. नंतर कथा जोडल्या गेल्या, त्यांच्यावर मी फारसा भर देणार नाही. माणूस ओळखायचा तो त्याला घालून दिलेल्या नियमांवरून.

नियम मोजकेच. प्रत्येकाची खोली वेगळी. दुसरं रास्त काम नसेल तर रात्रंदिवस तिथे देववचनाचं चिंतन. कुणी काहीही आपलं म्हणायचं नाही. हाताने कष्ट करून खायचं. आजारी वा अशक्त असल्याशिवाय मांस नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेपासून दुसऱ्या सकाळपर्यंत मौन. ज्याला अक्षर येत नाही त्याने स्तोत्रांऐवजी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना ठरलेल्या वेळा म्हणायची. म्हणजे अडाणी माणूसही त्या घळीत पंगतीबाहेर नव्हता.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो खोल्यांच्या जागेबद्दलचा नियम. प्रमुखाची खोली प्रवेशाजवळ असावी, म्हणजे आल्यागेल्याला तो सर्वांत आधी भेटेल. आपल्याकडे मोठ्या महाराजांना भेटायचं तर आधी चार शिष्य ओलांडावे लागतात. इथे उलटं: बाकीच्यांना आतली शांतता आणि मुख्याच्या वाट्याला दारावरची ये-जा. वाट चुकलेला, भुकेला, भांडायला आलेला, सगळे आधी त्याच्याच अंगावर. एकांताची सर्वाधिक किंमत मोजायची ती प्रमुखाने. त्याने सेवक व्हावं, असंही नियमावली सांगते. पण खोलीची जागा ठरवून दिल्यामुळे ते नुसतं बोलण्यावर राहिलं नाही.

1247 मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी नियमात फेरफार केले आणि कार्मेलवासीयांना शहरांत मठ करण्याची वाट मोकळी झाली. 1291 मध्ये क्रुसेडरांच्या हातातलं आक्रा शहर पडलं, तेव्हा डोंगरावरचा मठही संपला. सतराव्या शतकात याच संघाची एक शाखा गोव्यात पोहोचली. तिथल्या मठात दार सांभाळणारा रेडेम्प्टस नावाचा एक साधा बंधू होता, आधी सैनिक असलेला. 1638 मध्ये तो सुमात्रातल्या अचेला गेला आणि तिथे मारला गेला. पुढच्या आठवड्यात त्याच्याविषयी.