बुध वक्री झालाय? घाबरू नका, कामं तपासून करा!

वर्षातून तीन-चार वेळा, साधारण तीन आठवडे बुध वक्री असतो. तो खरोखर उलटा फिरत नाही. सूर्याभोवतीची फेरी बुध 88 दिवसांत पुरी करतो. आतल्या कक्षेतून पृथ्वीला मागे टाकताना तो आपल्याला राशिचक्रात मागे सरकताना दिसतो.

बुध हा मिथुन आणि कन्येचा स्वामी. वाणी, बुद्धी, लेखन, व्यापार यांचा कारक. वक्री ग्रह दुबळा होतो, असं अनेकांना वाटतं. पण आपल्या ज्योतिषशास्त्रात वक्री ग्रहाला चेष्टाबल, म्हणजे गतीमुळे येणारं बळ, मिळतं! म्हणून हा काळ फेरतपासणीसाठी उत्तम मानावा.

✅ अडकलेली येणी, अर्धवट लेखन मार्गी लावा.
✅ भाडेकरारावर सही करण्याआधी नाव, रक्कम, तारीख पुन्हा वाचा.
✅ पैसे पाठवताना खाते क्रमांक ताडून पाहा.
✅ मोबाइलचा बॅकअप घ्या.
❌ रागाच्या भरात मेसेज पाठवू नका.

‘बुध वक्री’ आणि ‘बुध मार्गी’ (पुन्हा सरळ चाल) या तारखा पंचांगात मिळतील. आपल्या पत्रिकेत बुध कोणत्या स्थानात आहे तेही पाहा आणि त्या स्थानाच्या विषयांत जरा जास्त जपा.