कातडीपासून विषापर्यंत: चेन्नईच्या सापांचा हिशेब

दारात साप दिसला की माणूस काठी शोधतो. त्याच सापाची कातडी बूट होऊन दुकानाच्या काचेमागे आली की तो पाकीट काढतो. मद्रास शहराने, म्हणजेच आताच्या चेन्नईने, या विसंगतीवर अनेक वर्षे उत्तम व्यापार केला.

विसाव्या शतकाच्या मध्यास हे शहर सर्पचर्माच्या निर्यातीचे मोठे केंद्र होते. नाग, घोणस, धामण, अजगर यांच्या कातड्या परदेशी जात व तेथे त्यांच्या हातपिशव्या, कमरपट्टे आणि पादत्राणे होत. साप पकडण्याचे काम प्रामुख्याने इरुळा या आदिवासी जमातीकडे होते. जमिनीवर उमटलेल्या पुसट खुणेवरून साप कोणत्या बिळात शिरला, हे सांगणारी ही माणसे. कातडीमागे त्यांच्या हाती पडणारी रक्कम किरकोळ असे. पिशवीची किंमत ठरवताना सापाचे मत विचारले जात नसे, तसे इरुळांचेही नाही.

शेतकऱ्याचा तोटा निराळाच होता. धामण उंदीर खाते. धामणीची कातडी परदेशी गेली, उंदीर मात्र इथेच राहिले आणि शेतातल्या भाताची बिळात आयात करू लागले.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७६ मध्ये सर्पचर्माच्या निर्यातीवर बंदी आली. साप वाचले, इरुळा मात्र एकाएकी बेरोजगार झाले, कारण त्यांची पिढीजात विद्याच आता गुन्हा ठरली होती. चेन्नईत सर्पोद्यान उभारणारे सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुळा सर्पमित्रांची सहकारी संस्था स्थापन झाली. मामल्लपुरम रस्त्यावरील वडनेम्मेली येथे तिचे केंद्र आहे.

येथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांना मातीच्या मडक्यांत ठेवले जाते. सुमारे महिनाभरात ठरावीक अंतराने चार वेळा विष काढून त्यांना पुन्हा रानात सोडतात. सोडण्यापूर्वी पोटावरील खवल्यांवर खूण केली जाते, जेणेकरून तोच साप लगेच पुन्हा पकडला जाऊ नये. मण्यारीचे विष तर वजनाच्या हिशेबाने सोन्याहून कितीतरी महाग. एकदाच विकली जाणारी कातडी आणि पुन्हा पुन्हा भरणारी विषग्रंथी, यांतला फरक व्यापाऱ्यांच्या लक्षात यायला कायदा करावा लागला.

हे विष विकत घेणाऱ्यांमध्ये मुंबईच्या हाफकिनचाही समावेश राहिला आहे. विषाची अल्प मात्रा घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिसर्पविष तयार होते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. त्यामुळे या औषधाची गरज वेगळी सांगायला नको.

२०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या इरुळा सर्पमित्रांना पद्मश्री जाहीर झाली. मात्र साप पकडण्यासाठी संस्थेला आजही सरकारी परवाना लागतो. किती साप पकडायचे, हेही त्यातच ठरते. परवान्याला उशीर झाला की विषाचा पुरवठा आटतो.

आणखी एक अडचण आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, असे संशोधनातून दिसून आले आहे. देशातील बहुतांश प्रतिसर्पविष दीर्घकाळ तामिळनाडूच्या या सापांवरच अवलंबून राहिले. कोकणातल्या फुरशाने दंश केलेल्या रुग्णाला मिळणारे औषध तामिळनाडूतील फुरशाच्या विषापासून बनलेले असू शकते.