नाईकांचा वाडा आणि गढीची पांढरी

कऱ्हेच्या काठाने बारामतीत आलं की बाबूजी नाईकांच्या वाड्याचा तट सामोरा येतो. म्हणायचं वाडा, पण बांधणी भुईकोटाची. राहत्या घराला एवढे बुरूज कशाला, असं लहानपणी वाटायचं. ज्याच्या तिजोरीवर राज्यकर्त्यांची नजर असते त्याला तट लागतोच, हे पुढे कागद वाचताना उमगलं.

बाबूजी नाईक जोशी हे सावकार. त्यांचे भाऊ आबाजी नाईक यांना बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई दिलेली. त्यामुळे पेशव्यांचे ते सोयरेही आणि धनकोही. १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले, तेव्हा रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी याच बाबूजींचं नाव पुढे केलं. शाहू महाराजांनी वस्त्रं दिली ती नानासाहेबांना. मग नाईकांनी बाजीरावांना दिलेल्या कर्जाचा तगादा लावला. महादोबा पुरंदऱ्यांनी पैसा उभा करून ते देणं भागवलं, तेव्हा नव्या पेशव्यांना श्वास घेता आला.

पेशवेपद हुकलेल्या या घराने मराठीला मात्र मोठं दान दिलं. पन्हाळ्यावर १७२९ मध्ये जन्मलेले, केशव आणि गणेश पाध्ये यांच्यापाशी शिकलेले मोरोपंत पराडकर नाईकांच्या आश्रयाला बारामतीत आले ते कायमचे. पुराण सांगायचं आणि लिहायचं, एवढंच त्यांचं काम. आर्याभारत, केकावली, आणि परंपरेने एकशे आठ मोजली जाणारी रामायणं. त्यांतलं निरोष्ठ रामायण मी दरवर्षी एकदा तरी मोठ्याने म्हणतो. ओठाला ओठ लागेल असं अक्षर त्यात यायचं नाही. म्हणजे प नाही, ब नाही, म नाही. मग ‘राम’ तरी कसं म्हणणार? रामाचं नाव न घेता रामकथा सांगायची! रोजच्या भाकरीची विवंचना असती तर हा उद्योग कुणी मांडला असता, असं मला वाटत नाही. म्हणून या वाड्याला मी केवळ सरदारी घर मानत नाही.

पेशवाई गेल्यावर वाड्यात सरकारी कचेऱ्या आल्या. जुन्या वास्तूत टेबलं आणि दप्तरं भरली की अभ्यासकांना राग येतो. मलाही यायचा. आता तेवढा येत नाही. कचेरी असली की छप्पर गळून चालत नाही. कुणीतरी कौल बदलतं, कुणीतरी दार लावून घेतं.

याउलट आमच्याकडच्या गढ्या पाहा. इंदापुरातही मालोजीराजांच्या नावाने ओळखली जाणारी गढी आहे. शिवरायांचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले, असं ‘शिवभारत’ सांगतं. पुढे इंदापूर आणि सुपे ही शहाजीराजांच्या जहागिरीतली ठाणी. सुपे १६५६ मध्ये शिवरायांनी सावत्र मामा संभाजी मोहित्यांकडून काढून घेतलं. एवढा इतिहास असलेल्या मुलखात गढ्यांचे नुसते ढिगारे का उरावेत? लढायांपेक्षा मातीनेच त्यांचा घात केला. गढीची पांढरी माती माळवदावर टाकायला उत्तम. आमच्याही घरी मृगाआधी आजोबा माळवदावरचं गवत उपटत, पांढरी पसरत आणि चोपण्याने ठोकून घेत. ती पाटीभर माती गढीवरून यायची. घरोघर पाट्या गेल्या, भिंती बसल्या. यात कुणाची हलगर्जी नव्हती. गावाने स्वतःचं छप्पर राखलं आणि गढीचं गेलं.

वास्तू ‘संरक्षित’ म्हटली की आपल्याला फलक आणि कुंपण दिसतं. महाराष्ट्राचा स्मारकांचा कायदा १९६० चा आहे. कायद्याने पाडापाडी थांबते, पण लोणा थांबत नाही. तटाच्या पायथ्याशी विटांवर पांढरी भुकटी धरते, तिला लोणा म्हणतात. बोट फिरवलं की विटेचा पापुद्रा हातात येतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि सोबत क्षार आणतं. जुन्या चुन्यातून ती ओल बाहेर निघून जायची. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते आणि वीट पोखरते. वरून भिंत चकचकीत दिसते, म्हणून तर हे जास्त घातक.

चुन्याला मात्र वेळ द्यावा लागतो. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मुरू द्यायचा, वाळू घालून घाणीत मळायचा. कुठे गुळाचं पाणी, कुठे हिरडा. हे अंदाजपत्रकात बसवणं अवघड, आणि हात बसलेले गवंडी म्हातारे झालेत. त्यांच्या हाताखाली चार पोरं घालण्याला मी फलकाच्या आधीचं काम समजतो.

दुसरं काम सोपं आहे. मोरोपंत गेले ते १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला. त्या संध्याकाळी वाड्याच्या चौकात सतरंजी अंथरावी आणि कॉलेजातल्या एखाद्या मुलीने निरोष्ठ रामायण म्हणावं. कान भिंतीकडे आणि डोळे तिच्या ओठांकडे लावून आम्ही बसू. ते ओठ एकदाही मिटायचे नाहीत.